दुरुस्तीला गेलेली खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. दचकलास ना? मी आता जे सांगणार आहे, त्यातला एक शब्द तरी खरा मानून दाखव. नाही मानणार तू. तुमची मेकॅनिकची जात स्क्रूवर विश्वास ठेवणारी. पण पाना काढायची घाई करू नकोस लेका. पोरगी आत चहा टाकायला गेलीय आणि या घरात गाळणं कधी जागेवर सापडत नाही. तिचा बाप पलंगावर डोळा लावून पडलाय. तोवर ऐक.

तू का आलायस ते मला ठाऊक आहे. ‘जा, ती खुर्ची खरंच बिघडलीय का ते बघून ये,’ असं कंपनीने तुला सांगितलंय. खुर्ची नीट निघाली तर उद्यापासून पोरगीने ऑफिसात जाऊन बसायचं. बिघडलेली निघाली तर तिने इथेच बसायचं. म्हणजे एका घराचं सगळं माझ्या बुडाखालच्या दांड्यावर येऊन ठेपलंय. हसू नकोस. ऐकशील तर रडशील.

माझा जन्म कारखान्यातला. आम्ही चिक्कार बहिणी, सगळ्या एका तोंडवळ्याच्या, काळ्या. जाळीची पाठ, दोन हात आणि पाय पाच. गाय चार पायांवर गावभर फिरते आणि मला पाच पाय देऊन वर चाकं लावली, तरी कोणी ढकलल्याशिवाय हलता येत नाही. देवाची करणी नव्हे ही, कारखान्याची. माझं शिक्षणही अर्धवट. सुरुवातीला एका शिकवणीच्या वर्गात होते, मास्तरांच्या टेबलामागे. वर्ष अर्ध्यावर असताना वर्गच बुडाला. त्यामुळे मला बेरीज येते, वजाबाकी येत नाही. तुमच्या कंपनीचं माझ्या उलट आहे.

तिथून मी या कंपनीच्या विम्याच्या ऑफिसात आले. माणसं आजारी पडतात, गाड्या ठोकतात, मग पैसे मागतात. ते कागद खरे की खोटे हे तपासायचं काम. पोरगी मला तिथे मिळाली. काडीसारखी अंगाने, बसली तरी कळत नाही बसली म्हणून. माझ्या आतला दांडा तेव्हापासूनच जरा लेचापेचा. हलकं माणूस बसलं तर मी गुमान वर राहते. जड माणूस बसलं की हळूहळू खाली जाते. लोक म्हणतात गॅस गेलाय. मी म्हणते, ज्याची त्याची लायकी मी ज्याला त्याला दाखवते.

शेजारच्या खुर्चीवर एक बाप्या बसायचा. दुपारी जेवण झालं की मान छातीवर. सगळे त्याला डुलक्या म्हणत. तोही हाक मारली की ओ द्यायचा, झोपेतसुद्धा.

मग ती साथ आली. सगळ्यांनी घरी बसा म्हणाले. घरी बसायचं ते कशावर? कुणाच्या घरी स्टूल, कुणाच्या घरी पलंगाची कड. पाठी मोडायला लागल्या तेव्हा कंपनीने दिलदारपणा केला. ‘ज्याने त्याने आपापली खुर्ची घरी न्या.’ पोरगीने मला टेम्पोत घातलं. आयुष्यात पहिल्यांदा मी खिडकी बघितली. ऑफिसात खिडक्या होत्या, पण त्या साहेबांच्या बाजूला.

या घरात येऊन बघते तर पलंगावर तिचा बाप. जन्मभर बस चालवलेला माणूस. उजवी बाजू लुळी पडलेली. डॉक्टरांनी बजावलेलं, याला दिवसातून पुन्हा पुन्हा उभं करा, नाहीतर पलंग याला सोडणार नाही. एक मदतनीस ठेवला होता. बापाने त्याला हात लावू दिला नाही. परक्याच्या खांद्याला धरून मी उभा राहणार नाही म्हणाला. हट्टी. मला आवडला.

मग बापलेकीने काय शोधलं माहीत आहे? पोरगीने टेबल खिडकीला लावलं, मला पलंगाकडे पाठ करून ठेवलं आणि ती बसली कामाला. मागून बापाने डाव्या हाताने माझी पाठ धरली. ती बसलेली म्हणून माझं वजन, तिचे पाय जमिनीला रोवलेले म्हणून मी जागेवर. आणि म्हातारा उठला की रे! लटलटत उठला, घामाघूम झाला, पण उठला. तिने मागे वळूनही बघितलं नाही, कागद तपासत राहिली. बघितलं असतं तर तो लाजून खाली बसला असता.

थोड्या दिवसांनी चालणं सुरू झालं. तो उभा राहिला की म्हणायचा, “डबल बेल दे.” ती पेनाने टेबलावर दोनदा टकटक करायची. मग लॅपटॉप मांडीवर, कानाला ती बोलायची दोरी, आणि पायाने मला इंच इंच पुढे ओढायची. मागून हा माझी पाठ धरून पाऊल टाकायचा. दारापर्यंत आलो की एक टकटक. गाडी थांबली. तिकडे ऑफिसच्या व्हिडिओवर कोणीतरी विचारायचं, मॅडम, तुमच्या मागची भिंत सरकतेय का? ही म्हणायची, नेट खराब आहे.

आणि काम? काम पहिल्यापेक्षा लवकर संपत होतं. डुलक्याचंसुद्धा. तो घरी वेळेवर झोपायचा, म्हणून कामाच्या वेळी जागा असायचा.

चांगलं चाललेलं कुणाला बघवतं? साथ ओसरली आणि वरून हुकूम आला, सगळ्यांनी ऑफिसला या. आधी खुर्च्या जमा करा, मग माणसं. टेम्पो आला तेव्हा बाप पलंगावरून, माझी पाठ धरून बघत होता. म्हणाला, “गाडी डेपोत जमा.” हसला. पण तो हात माझ्या पाठीवरून काढायला त्याला फार वेळ लागला, ते माझं मला माहीत.

आता तू विचारशील, सगळ्यांना परत का बोलावलं? मेल्या, मीही हेच विचारत होते, आणि मला कोण उत्तर देणार? पण खुर्चीला कान असतात. लोक बसून बोलतात, उभ्याने कोणी खरं बोलत नाही.

पहिलं कारण मोठ्या साहेबांनी सभेत सांगितलं. या ऑफिसात सभेची खोली मोठी, पण तिथे खुर्च्या कधी घेतल्याच नाहीत. ज्याने त्याने आपली खुर्ची ढकलत सभेला यायचं, सभा संपली की ढकलत परत न्यायची. म्हणून मी प्रत्येक सभा ऐकलीय, तुझ्या नशिबात नसो. साहेब म्हणाले, समोरासमोर बसलं की नवीन कल्पना सुचतात. बाई गं. इतकी वर्षं मी त्या हॉलमध्ये काढली. समोरासमोर बसून माणसांना ज्या कल्पना सुचल्या त्या सांगू? आज जेवायला काय मागवायचं, आणि नोकरी सोडून जाणाऱ्याला निरोपाला काय द्यायचं. आणि आता तर समोरासमोरही बसत नव्हते. शेजारी शेजारी बसून, कानात बोंडं घालून, दुसऱ्या गावच्या माणसाशी व्हिडिओवर बोलायचे. ते घरून होत नव्हतं का? पण हे विचारायचं नाही. विचारलं की माणूस मन लावून काम करत नाही असं ठरतं.

दुसरं कारण डुलक्याने सांगितलं, अर्धवट झोपेत. कंपनीने ती इमारत भलत्या वर्षांच्या करारावर घेऊन ठेवलेली. मोठं पातेलं विकत घेतलं म्हणून गाव जेवायला बोलवायचं, तसलं. पाहुण्यांना भूक आहे की नाही कोण विचारतो, पातेलं भरलेलं दिसलं पाहिजे.

तिसरं कारण मला डुलक्याच्या खुर्चीने सांगितलं. ती माझी बहीणच, पण तिला त्याने घरी नेलं नव्हतं. साथीत सगळं ऑफिस ओस पडलेलं असताना मोठे साहेब एकटे रोज यायचे म्हणे. सगळे दिवे लावायचे. रांगांमधून फिरायचे. कुठल्याही टेबलाशी थांबून मान डोलवायचे, जसं कोणी बसलंच आहे. मग केबिनमध्ये जाऊन फाईल उघडायचे, बंद करायचे. तेव्हा मी त्या कारणाला हसले होते. खिदळले होते चांगली.

तर आम्ही परत जुंपलो. पोरगी सकाळी निघायची, बापाजवळ शेजारीण येऊन बसायची, टीव्ही बघायची. बाप उभा राहीना. फोनवर विचारलं की म्हणायचा, गाडी नाही, काय करू. एका दुपारी त्याला काय लहर आली, शेजारीण दळण आणायला गेलेली बघून त्याने स्टूल ओढलं आणि त्याला धरून उठला. स्टूलच ते, कलंडलं. हाड मोडलं नाही, पण भीती बसली. पोरगी माझ्यावर बसून फोन ऐकत होती. काडीसारखी पोर, त्या दिवशी मला जड लागली.

डुलक्या शेजारी जागा होता. तो म्हणाला, “स्वेटर आहे का तुमच्याकडे?”

आता तुला त्या ऑफिसची गंमत सांगते. मोठे साहेब सकाळी एक फेरी मारायचे, दुपारी एक. कोण काय काम करतो हे त्यांना कळायचं नाही, त्यामुळे ते खुर्च्या बघायचे. खुर्चीवर माणूस, ठीक. माणूस नाही पण पाठीला स्वेटर लटकतोय, तेही ठीक, गेला असेल इकडेतिकडे. पाठ उघडी दिसली की विचारणा. तिथल्या लोकांनी हे कधीच ओळखलेलं. अर्ध्या हॉलचे स्वेटर नोकरी करत होते आणि माणसं दुपारीच घरी जाऊन काम करत होती. भर उन्हाळ्यात लोकरीचे स्वेटर. कुणालाच नवल वाटलं नाही.

पोरगी आधी नको म्हणाली. खोटं तिला पेलवत नाही. पण बापाचा फोन पुन्हा आला आणि दुसऱ्या दिवशी तिने त्याचाच स्वेटर आणला. तपकिरी, कोपराला ठिगळ, बसच्या डिझेलचा वास अजून गेलेला नाही. तो माझ्या खांद्यांवर घातला आणि दुपारी गेली. मग रोजच. मी दिवसभर म्हाताऱ्याला पांघरून बसायची. घरी ती लाकडी खुर्चीवर बसून काम करायची आणि तो तिचा खांदा धरून उठायचा. चालणं नाही, पण उठायचा.

आणि स्वेटर इतका इमानी निघाला की साहेबांनी सभेत त्याचं कौतुक केलं. म्हणजे पोरगीचं. ‘या कधीही बघा, आपल्या जागेवर.’ डुलक्याला हसू आवरेना, म्हणून तो झोपला.

पण कौतुक नडतं. एका दुपारी साहेबांना कुठल्यातरी कागदाचं उत्तर तातडीने हवं होतं. आले माझ्याजवळ. स्वेटर आहे म्हणजे ती येईलच, म्हणून बसले माझ्यावर. मी कशी सोडते? गेले खाली. त्यांचे गुडघे वर आले, तसे ते बाजूची कळ ओढत राहिले. शेवटी कंटाळून त्यांनी तिला फोन लावला. तिने तिकडून चार वाक्यांत उत्तर दिलं. साहेब खूश. एवढ्यात फोनमधून म्हाताऱ्याचा आवाज आला, डबल बेल दे ना गं.

साहेबांनी विचारलं, “ऑफिसात बस कुठून आली?”

साहेबांनी फोन ठेवला. माझ्या पाठीवरचा स्वेटर हातात घेतला, ठिगळावरून बोट फिरवलं आणि नीट घडी करून परत ठेवला. मला वाटलं, कळलं बरं का या माणसाला.

कसचं काय. दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला, खुर्च्यांवर कपडे ठेवू नयेत. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! डोकं आपटावंसं वाटलं मला, पण खुर्चीला डोकं नाही. साहेबांना तरी आहे. हॉल उघडा पडला. सगळे स्वेटर घरी आणि सगळी माणसं संध्याकाळपर्यंत जागेवर, एकमेकांचे खोकले ऐकत.

त्या आठवड्याच्या सभेत पोरगी शेवटी बसून राहिली. बाकीचे आपापल्या खुर्च्या ढकलत गेले, चाकांचा खडखडाट विरला. साहेब फळ्याजवळ उभे. आपली गुबगुबीत खुर्ची ते कधी सभेला आणत नाहीत. पोरगी उठली आणि तिने मला त्यांच्याकडे सरकवलं. वडीलधारं माणूस उभं आणि आपण बसलेलो, हे तिला जमत नाही. ते बसले. मी माझं काम केलं. साहेब सावकाश खाली गेले आणि ती उभी, म्हणजे आता तेच मान वर करून बघायला लागले.

ती म्हणाली, “सर, त्या दिवशी तुमचं काम झालं ना?”

“झालं.”

“मग?”

मला वाटलं आता पुन्हा त्या कल्पना काढतात. पण इतक्या खालून माणसाला मोठं बोलता येत नाही, हा माझा अनुभव आहे.

“काम होतं हो,” ते म्हणाले. “तुम्ही सगळे घरी होतात तेव्हाही झालं. मी रोज येऊन बघायचो, कुणाला माझी गरज लागते का. एक दिवस लागली नाही. आणि घरी मी काही म्हटलं तर मुलं म्हणतात, बाबा, आवाज कमी करा. इथे निदान दार वाजवून ‘आत येऊ का सर’ म्हणतात.”

बघ, हे खरं कारण. यासाठी इतक्या माणसांना सकाळी घरातून उपटून आणायचं. साहेबांच्या वर आणखी साहेब, त्यांचंही हेच असणार. रागाने माझी चाकं करकरली. आणि मेल्या, तेवढ्यातच मला त्यांची दयाही आली, म्हणून जास्त राग आला. रिकाम्या हॉलमध्ये मान डोलवणारा तो माणूस दिसायला लागला मला. खिदळले होते ना मी?

पोरगी म्हणाली, “माझे बाबा उभं राहायचे थांबले तर परत उठणार नाहीत. तुम्हाला विचारायचं असेल तर रोज मीच फोन करीन, सर. पण मला घरी बसू द्या.”

साहेबांनी उठायचा प्रयत्न केला. नाही जमलं. तिने हात दिला, रोज बापाला देते तसा. ते उभे राहिले, पॅन्ट झटकली आणि माझ्याकडे बघितलं.

“ही खुर्ची बिघडलीय,” म्हणाले. “बिघडलेल्या खुर्चीवर माणूस बसवता येत नाही, पाठीला धोका. जादा खुर्ची आपल्याकडे नाही. दुरुस्त करून आणा, मग या.”

“किती दिवसांत आणू?”

“ते मी विचारलं का?”

असा मी दुसऱ्यांदा टेम्पोत बसले. बापाने मला बघून नुसतं “आली” म्हटलं आणि तोंड भिंतीकडे केलं. डोळे पुसत होता, मला काय कळत नाही?

पोरगी रोज दुपारी साहेबांना फोन करते. “आत येऊ का सर?” म्हणते, फोनवर! ते म्हणतात, या. मग दोन शब्द कामाचे आणि बापाची चौकशी. चाललं असतं असंच. पण डुलक्याला हे कळलं आणि त्याने आपल्या खुर्चीला लाथा घालायला सुरुवात केली. मग पलीकडच्याने. एकाएकी त्या हॉलमधल्या खुर्च्यांना साथ आली म्हण ना. वरच्यांना वास लागला आणि त्यांनी तुला धाडलं. खरं ना? ऑफिसला यावंसं का वाटत नाही हे कुणी विचारलं नाही. खुर्च्या का मोडतात ते बघायला माणूस पाठवला.

तर आता तू माझ्यावर बस. बस रे, लाजतोस काय, चांगला खात्यापित्या घरचा दिसतोस. हं. बघ, गेले की नाही खाली? डोळ्यांनी बघितलंस, बुडाने अनुभवलंस. मग कंपनीला हेच सांग. दांडा मिळत नाही, मागवावा लागेल, हे मॉडेल जुनं झालं, तुम्ही लोक एरवी आम्हाला ऐकवता ते सगळं सांग. त्यात खोटं एवढंच की तुझ्या पिशवीत तो दांडा आहे. दिसला मला, पिशवी उघडी ठेवलीस तेव्हाच.

आणि कायमचं नाही मागत मी. काल या म्हाताऱ्याने दाराजवळ माझ्या पाठीवरचा हात काढला. पोरगीला कळलं नाही, तिची पाठ होती. मला कळलं. क्षणभर काढला, घाबरला, परत धरला. पण काढला. ज्या दिवशी तो मला धरल्याशिवाय दारापर्यंत जाईल, त्या दिवशी तू ये. तुझा दांडा घाल, स्क्रू पिळ, तेल सोड, मी हूं की चूं करणार नाही. मग पोरगीने ऑफिसात जायचं की त्या साहेबांना फोनवरूनच निभवायचं, ते तिचं ती बघेल. पण तोवर मला हात लावलास तर एवढंच लक्षात ठेव, तुलाही घरी बाप असेल.

गाळणं सापडलं वाटतं, कपांचा आवाज आला. म्हाताराही जागा झाला. बघ, हात कसा चाचपतोय हवेत, मला शोधतोय. ऊठ माझ्यावरून. पिशवी वाटेतून उचल, माझी चाकं अडकतात. चहा दारात उभ्याने पी.

ती बसली. त्याने पाठ धरली. टकटक. ऐकलंस? दोनदा वाजलं, आणि तू अजून इथेच? जा आता.